झुरळांनी खाल्लेला हत्ती

पाळणाघराच्या बाईंनी सुनेला एक रंगीत कागद दिला होता. त्यावर एक हसरं घड्याळ काढलेलं आणि घड्याळाच्या भोवती पोरांचं वेळापत्रक, सगळं इंग्रजीत. सुनेनं ते मला वाचून दाखवलं. साडेबाराला जेवण. एक ते अडीच झोप. अडीचला स्टोरी टाइम. तीनला कुकिंग विदाउट फायर.

"हे शेवटचं काय गं?"

"विस्तवाशिवाय स्वयंपाक, बाबा. बिस्किटावर काकडीची चकती ठेवायची, वर टोमॅटो, वर चीज. मुलं खूश होतात."

"याला स्वयंपाक म्हणतात? मग मी रोज पानाला चुना लावतो, कात लावतो, वर सुपारी ठेवतो. मी केव्हाचा आचारी झालो."

सून हसली नाही. एरवी ती हसते. तेव्हाच समजलं, की हा कागद मला नुसता दाखवायला आणलेला नाही, मनाशी ठरवून आणलाय.

गोष्ट अशी होती. माझी बायको जाऊन आठ महिने झाले होते. ती होती तोवर दोन्ही नातवंडं तिच्याकडं असायची. मोठी नात पाच वर्षांची, धाकटा नातू तीनचा. मुलगा टेम्पो चालवतो. सून बायपासच्या एका गोदामात पॅकिंगला जायची. बायको गेली आणि सुनेला काम सोडून घरी बसावं लागलं. आता गोदामवाल्यांनी परत बोलावलं होतं, नऊ ते सहाची ड्युटी. पोरं सकाळी शाळेत. दुपारी साडेबारा ते सहा त्यांना कुठं ठेवायचं, एवढाच प्रश्न.

"मी हाय की," मी म्हटलं.

"तुम्ही आहात, पण..."

तिनं वाक्य पुरं केलं नाही. करायची गरज नव्हती. मी पोरं कशी सांभाळतो हे तिनं पाहिलं होतं. टीव्ही लावायचा, रिमोट मोठीच्या हातात द्यायचा आणि भिंतीला पाठ लावून घोरायचं. एकदा जाग आली तेव्हा धाकट्यानं माझ्या पायाच्या दहाही बोटांना लाल नेलपॉलिश लावलं होतं. मला पत्ता नाही. तसाच चप्पल घालून टेमघरच्या नाक्यावर दूध आणायला गेलो. दूधवाला खाली बघून म्हणाला, "काका, हळद कधी?"

आता खरं सांगतो. पोरं सांभाळायची मला हौस नव्हती. पण बायको गेल्यापासून दुपार मला खायला उठायची. सकाळी घरात माणसं असतात, रात्री असतात. दुपारी मी आणि तिचा फोटो. फोटोला निदान हार आहे. भेटायला आलेला प्रत्येक जण म्हणून गेला होता, "आता नातवंडांत मन रमवा." सांगायला काय जातं? हीच माणसं तेराव्याच्या जेवणात खीर कमी पडली म्हणून कुजबुजत होती. पण त्यांच्या बोलण्यात तथ्य होतं, आणि त्याचाच मला जास्त राग यायचा. पोरं पाळणाघरात गेली असती, तर साडेपाच तास माझ्याशी बोलायला घरात कोणी उरलं नसतं.

हे मी सुनेला सांगितलं नाही. असलं सांगायची आमच्यात रीत नाही. मी म्हटलं, "स्टोरी टाइम मी करीन. कुकिंग पण करीन, आणि विस्तव लावून करीन. बघू तुझ्या बाईंचं पोरगं जास्त शिकतं का माझं."

तिनं कागदाची घडी घातली. मग म्हणाली, "पंधरा दिवस. मी अजून घरी आहे तोवर. मी शिवणाच्या क्लासला जाईन दुपारी, म्हणजे तुमच्या मधे यायला नको. पंधरा दिवसांनी ठरवू."

आणि दुसऱ्याच दिवशी तिनं पाळणाघराच्या बाईंकडून चित्रांचं एक पुस्तक मागून आणलं. "परत द्यायचंय, बाबा. नीट वापरा." हे 'नीट' तिनं माझ्याकडं बघून म्हटलं, तीन वर्षांच्या पोराकडं बघून नाही.

माझं शिक्षण चौथी, त्यात तिसरी दोनदा. मराठी पेपर वाचतो, बोट ठेवून. इंग्रजीत फक्त सही ओळखतो, तीसुद्धा कारखान्याच्या सेठची. पण चित्रांचं पुस्तक वाचायला काय लागतं, डोळे असले म्हणजे झालं, असं मला वाटलं होतं.

पुस्तकात एक हत्ती होता. त्यानं कमरेला फडकं बांधलेलं आणि तो तव्यावर काहीतरी गोल गोल करत होता. मोठी म्हणाली, "पॅनकेक."

"म्हणजे काय?"

"घावन. पण गोड."

"मग घावन म्हण ना. हत्ती घावन करत होता."

चित्रातलं स्वयंपाकघर मी नीट बघून घेतलं. भिंत निळी, खिडकीला फुलाफुलांचा पडदा, ओट्यावर एक डाग नाही. तीन टनांचा प्राणी स्वयंपाक करतोय आणि पिठाचा एक थेंब सांडलेला नाही! मी पोरांना सांगितलं, "या हत्तीनं भांड्याला बाई लावलेली आहे. ती मागच्या दारानं आत्ताच गेली, म्हणून चित्रात न्हाय."

पोरं खूश. पुढच्या पानावर हत्तीनं सोंडेनं घावन वर उडवलं. त्याच्या पुढच्या पानावर ते खिडकीतून बाहेर गेलं आणि मगरीच्या डोक्यावर पडलं. मगरीनं ते खाल्लं. मग सगळे प्राणी आले आणि सगळ्यांनी खाल्लं. सगळे हसले. कोणी म्हटलं नाही की मीठ कमी आहे. कोणी ताट उचललं नाही. शेवटच्या पानावर हत्ती झोपला आणि भांडी तशीच. मी म्हटलं, "बघा, बाईच्या जिवावर."

पण दुसऱ्या दिवशी मी अडकलो. मी पहिल्या पानावर सांगितलं, "हत्तीची बायको माहेरी गेली होती, म्हणून हत्ती घावन करत होता."

मोठी म्हणाली, "काल असं नव्हतं."

"काल ती घरी होती. आज गेली."

"नाय. तिचं चित्रच नाय." तिनं सगळी पानं उलटून खात्री करून घेतली. मग म्हणाली, "ती वारली असेल. म्हणून त्याला स्वतः करायला लागतं."

मी म्हटलं, "पुढचं पान उलट."

तिनं उलटलं नाही. "आजोबा, मग तू का नाय करत?"

"हत्तीला सोंड हाय. मला न्हाय."

"तुला हात आहेत," धाकटा म्हणाला. तीन वर्षांचं पोर. माझे दोन्ही हात धरून बहिणीला दाखवत होता, हे बघ, एक, दोन.

या हातांबद्दल आता सांगायला पाहिजे. मी चाळीस वर्षं सायझिंगला काम केलं. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो. मागावर जायच्या आधी सुताला खळ द्यावी लागते, म्हणजे धागा ताठ होतो आणि तुटत नाही. ती खळ आम्ही शिजवायचो. पिठाची, वाफेवर, माणूस आत बसेल एवढ्या टाकीत. पातळ झाली तर धागा तुटतो, जाड झाली तर धाग्याला धागा चिकटतो. ती झाली की नाही हे अंगठा आणि बोट यांच्यात चिमूट धरून, ताणून बघायचं. तार किती लांब निघते त्यावरून कळतं. मशीनला काटा होता, पण माझ्या हाताखालची युपीची पोरं काट्याकडं बघायची नाहीत. "चाचा, तार देखो," म्हणायची. चाचानं अंगठा उचलला की टाकी उघडायची.

बायको म्हणायची, "चाळीस वर्सं सुताला जेवाया घातलंव, मला कधी कपभर चा करून दिलाव न्हाय."

मी म्हणायचो, "सूत कटकट करत न्हाय."

ती आजारी पडली तेव्हाही चहा सूनच करून द्यायची. मी उशाशी बसून असायचो. काय करायचं ते मला येत नव्हतं, आणि येत नाही हे म्हणायलाही येत नव्हतं.

तर हत्ती करतो म्हटल्यावर चाचाला करणं भाग होतं. सून क्लासला गेली तसा मी तांदळाच्या पिठाचा डबा काढला. धाकट्याला उंबऱ्यात बसवलं, हातात लाटणं दिलं. मोठीला गॅसपासून चार हात लांब पाटावर बसवलं आणि तिच्या मांडीवर पुस्तक उघडून ठेवलं, कृती बघायला. आता त्या पुस्तकात कृती काय, एका पानावर पांढरं पातेलं आणि दुसऱ्या पानावर तयार घावन. मधलं सगळं गायब. मोठमोठ्या हॉटेलातही असंच असतं म्हणतात.

पिठात पाणी घातलं, मीठ घातलं, कालवलं. आता हे कच्चं पाणी तव्यावर ओतायचं? मला काही ते पटेना. आमच्याकडं कच्ची खळ सुतावर घातली असती तर मास्तरनं कानाखाली काढली असती. पीठ आधी शिजलं पाहिजे, तार आली पाहिजे, मग पुढचं. चाळीस वर्षांत मला कोणी खोटं पाडलं नव्हतं. पातेलं गॅसवर ठेवलं आणि ढवळत बसलो. एकसारखं, गुठळी नाही. चकाकी आली. चिमूट धरली, ताणली. अशी तार निघाली म्हणता! टाकीवरची पोरं असती तर टाळ्या पिटल्या असत्या.

ते तव्यावर घातलं. पसरेना. उलथन्यानं पसरवलं, ते उलथन्याला आलं. उलथनं सोडवायला हात लावला, ते हाताला आलं. मोठीनं पुस्तकात बघितलं, तव्यात बघितलं.

"आजोबा, हा तर गम आहे."

"घावन हाय. जरा मऊ हाय."

तिनं उलथन्यावरच्या गोळ्याला बोट लावून बघितलं, मग दुसरं बोट लावलं आणि दोन्ही बोटं एकमेकांना चिकटवून मला दाखवली. तेवढ्यात धाकटा उंबऱ्यातून उठून आला आणि मगरीचं पान त्यानं ओढलं. टर्रकन. मगर त्याच्या हातात, तिचं शेपूट पुस्तकात.

'परत द्यायचंय. नीट वापरा.' मला घाम फुटला. पण मोठी शांत होती. तिनं उलथन्यावरचा गोळा घेतला, फाटलेल्या कडेला लावला, मगर जागेवर ठेवली आणि वरून हात फिरवला. चिकटली. मी पान ताणून पाहिलं. नव्यापेक्षा घट्ट. मग आम्हाला जोर चढला. पुस्तकाची पाठ उसवली होती, तिला लावलं. कोपरे दुमडले होते, त्यांना लावलं. हत्तीच्या घावनावर धाकट्यानं खरं घावन थापलं, तेही राहू दिलं. पुस्तक ताठ झालं, पुठ्ठ्यासारखं. मी पोरांना म्हटलं, "अशी खळ भिवंडीत दुसऱ्या कोणी देऊन दाखवावी."

संध्याकाळी सुनेनं विचारलं, "काय केलं दुपारी?" मी म्हटलं, "स्टोरी टाइम. आणि कुकिंग." मोठी म्हणाली, "आजोबांनी छान गम केला." सुनेला वाटलं असेल, पोरीची भाषा.

सकाळी उठलो तर फळीवर पुस्तक होतं आणि पुस्तकावर झुरळं होती. त्यांनी आमचं घावन खाल्लं होतं, आणि घावनाबरोबर कागदही. मगर शिल्लक नव्हती. हत्तीचं पोट खाऊन आरपार भोक पडलेलं, त्यातून पुढच्या पानावरचं माकड दिसत होतं. आयुष्यभर मी खळ शिजवली. पिठाच्या खळीला कीड लागते, म्हणून तिच्यात औषध टाकायचं, हे मी शेकडो नव्या पोरांना शिकवलं. घरी औषध घातलं नाही, कारण आम्ही ते खाणार होतो. खाल्लं कोणी, तर झुरळांनी. एवढं तरी कळलं, की माझ्या हातचं खाणारं कोणीतरी या घरात आहे.

सुनेनं पुस्तक हातात घेतलं. ओरडली नाही. त्या भोकातून माझ्याकडं बघितलं आणि म्हणाली, "बाबा, पाच दिवस झालेत. अजून दहा आहेत. राहू दे का?"

"राहू दे म्हणजे?"

"म्हणजे तुमच्या जिवाला उगाच ताप. मी बाईंना हो म्हणून टाकते."

मी म्हटलं, "पुस्तक मी आणून देतो. मग बोल."

दुपारी धाकट्याला सुनेकडं ठेवून मोठीला घेऊन शेअर रिक्षानं धामणकर नाक्यावर गेलो. पुस्तकांची तीन दुकानं फिरलो. दोन दुकानांत गाइडं आणि वह्या. तिसऱ्याला मी सांगितलं, हत्तीचं पुस्तक पाहिजे, घावन करणारा हत्ती. तो गल्ल्यावरून उठलासुद्धा नाही.

"हाथी क्या करता है?"

"खाना पकाता है," मोठी म्हणाली.

"बेटा, हमारे यहाँ हाथी सिर्फ खाता है. चाचा, कलरिंग बुक ले जाओ. हाथी को जो कराना है, खुद करा लो."

मी त्याला दोन शब्द सुनावले आणि बाहेर पडलो. पण परत येताना रिक्षात मला तेच पटायला लागलं. आमच्या ट्रंकेत मांजरपाटाचा एक तागा पडून होता, कोऱ्या जाड कापडाचा. कापड होतं, खळ मला येत होती. मोठीला चित्र काढता येत होतं, म्हणजे शाळेत तिच्या चित्रावर चांदणी मिळायची. घरी येऊन मी कापडाचे चौकोन कापले. खळ शिजवली, या वेळी खायची नाही हे आधीच ठरवून, तिच्यात तुरटी टाकली. तुकडे बुडवले, पिळले, दोरीवर ताणून वाळवले. पापडासारखे ताठ झाले. मोठीनं हत्ती काढला. पहिले दोन हत्ती डुकरासारखे झाले, तिसरा जमला. मगर धाकट्यानं काढली, म्हणजे एक रेघ मारली आणि म्हणाला, मगर. दोन दुपारी आम्ही तिघं जमिनीवर पालथे पडलो होतो. टीव्ही लावायची कोणाला आठवण झाली नाही. मला झोपही आली नाही.

तिसऱ्या दुपारी मोठीनं हत्तीच्या बाजूला आणखी एक हत्ती काढला. नऊवारी नेसलेला. नाकात नथ, म्हणजे सोंडेच्या मुळाशी एक गोळा.

"ही कोण?"

"त्याची बायको."

"वारली म्हणालीस ना?"

"ती मूळ पुस्तकात. हे आपलं आहे."

तिनं बायकोचं तोंड उघडं काढलं, दात दाखवले.

"ती काय बोलते?" मी विचारलं.

मोठीनं मान वाकडी केली, एक हात कमरेवर ठेवला आणि म्हणाली, "अवं, पातळ करा, पातळ! पीठ तव्यावर पळाया पायजे, बसाया न्हाय!"

ही मुलगी इंग्रजी शाळेत जाते. घरात आईबापाशी शहरी बोलते. तिच्या तोंडून ते 'पळाया पायजे' निघालं आणि माझ्या हातातली कात्री तशीच राहिली. बायकोचा आवाज नव्हता तो, आवाज पोरीचाच होता. पण हेल तिचा. शेवटी किंचित वर चढणारा, समोरच्याला येडा ठरवणारा. आठ महिन्यांत मी तो ऐकला नव्हता.

"आजून काय म्हणायची ती?"

"आजी? दर खेपेला ढवळायचं. न्हायतर पीठ खाली बसतं, वर पाणीच येतं. पहिलं घावन बिघडतंच, ते कोणाला दाखवायचं न्हाय." मग स्वतःच्या आवाजात म्हणाली, "ते पहिलं मला द्यायची."

"आणि पीठ आधी शिजवायची?"

मोठीनं माझ्याकडं असं बघितलं की मी पुन्हा विचारलं नाही.

पंधरावा दिवस रविवार होता. सकाळी सून कापडाचं पुस्तक घेऊन पाळणाघराच्या बाईंकडं गेली. बाई तिथंच वर राहतात. मी तिला म्हटलं होतं, "तू जा, मी येत न्हाय." मुलगा भाड्यावर गेला होता. घरात आम्ही तिघंच. मी मोठीला विचारलं, "करायचं?" तिनं पाट ओढून घेतला, चार हातांवर, तिची जागा तिला ठाऊक झाली होती.

पीठ कच्चंच कालवलं. हाताला सवय नव्हती, सारखं गॅसवर ठेवावंसं वाटत होतं. "पातळ," मोठी म्हणाली. पाणी घातलं. "आजून." मी म्हटलं, "हे पीठ न्हाय, हे पाणी हाय." "आजून." तव्यावर चमच्यानं तेल सोडलं आणि ओतलं. ते पळालं, चर्र करून, कडेपर्यंत. सगळीकडं भोकं पडली, चाळणीसारखी. मला वाटलं बिघडलं. मोठी म्हणाली, "जाळी आली." पहिलं तरी फाटलंच. ते मी तिला दिलं. धाकट्यानं अर्धं ओढून घेतलं. चौथ्या घावनापासून हात बसला.

सून आली ती दारातच चप्पल आपटून. तोंड लाल. मला वाटलं, आता ऐकावं लागणार. पण ती माझ्यावर चिडलेली नव्हती.

"बाईंनी पुस्तक बघितलं," ती म्हणाली. "दोन बोटांनी धरलं, असं. म्हणाल्या, आयडिया क्यूट आहे, पण हायजिनचं काय? घरगुती कापड, पोरं तोंडात घालतात. आमच्याकडं सगळं वॉशेबल असतं."

"कापड धुता येत न्हाय?" मी म्हटलं. "भिवंडीत राहून?"

"तेच म्हटलं मी! म्हटलं, आमच्या सासूबाईंनी याच घरात दोन पोरं वाढवली, हायजिन आम्हाला नका शिकवू. पुस्तक घेतलं आणि आले." तिनं ते पुस्तक फळीवर ठेवलं. हत्तीण वर, दात दाखवत.

म्हणजे मी जिंकलो ते माझ्या गुणांवर नाही, हे लिहून ठेवतो. बाईंनी 'हायजिन' म्हटलं नसतं तर पोरं सोमवारी तिकडं गेली असती. माझ्या पंधरा दिवसांच्या घामापेक्षा त्या बाईंची दोन बोटं माझ्या जास्त उपयोगी पडली.

सुनेनं ताटातलं घावन उचललं, उभ्या उभ्याच घास घेतला. चावता चावता थांबली. दुसरा घास घेतला. मग तव्याकडं बघितलं, तेलाच्या वाटीकडं बघितलं.

"कांदा कुठाय?"

"कशाला?"

"आई अर्धा कांदा चमच्याला टोचून तेलात बुडवायच्या, त्यानं तवा पुसायच्या. दर घावनाला. तुम्ही ओतलंय तेल. म्हणून कडेला तेलकट झालंय."

"हो हो," मोठी म्हणाली. "कांदा! मी विसरले."

"कांदा," धाकटा म्हणाला. तोही मान हलवत होता. तीन वर्षांचा. त्यालाही ठाऊक.

मी उलथनं हातात धरून उभा होतो. आमच्या लग्नाला पंचेचाळीस वर्षं झाली होती. मी तिच्या हातची घावनं किती खाल्ली असतील देव जाणे, गरम, ताटात आलेली, मीठ कमी आहे म्हणून परत पाठवलेली. ती कशी व्हायची हे सुनेला ठाऊक, नातीला ठाऊक, स्वतःचं नाक पुसता न येणाऱ्या नातवाला ठाऊक. त्या घरात तिला तव्यासमोर कधी न बघितलेला माणूस मी एकटाच.

सुनेनं कांदा कापला, अर्धा माझ्यापुढं ठेवला. "सोमवारपासून मी पोरांना दुपारचा डबा करून जाणार नाही, बाबा. मला नऊला पोचायचंय. तुम्हीच घाला त्यांना काय ते."

"बरं," मी म्हटलं.

"काय घालाल?"

मोठी माझ्याकडं बघत होती. मी कांदा चमच्याला टोचला. तो दोनदा निसटला.

"मला काय येत न्हाय," मी म्हटलं. "तूच सांग, काय काय करायची ती."

सुनेनं तोंड फिरवलं आणि गॅस बारीक केला, गॅस बारीकच होता. मोठीनं पाट पुढं सरकवला, चार हातांवरून तीनवर. मी म्हटलं, "मागं." ती मागं सरकली आणि बोटं मोजायला लागली. भाकरी. पेज. अंड्याची पोळी. सुकटीची चटणी, पण ती तिखट असते, ती आजोबांना वेगळी. आजी तिखट घालायच्या आधी आपल्याला काढून ठेवायची. मग...